देवगिरीचा हिशेबनीस आणि बावीस तारा

धुळ्याहून छत्रपती संभाजीनगरला जाणारी बस चाळीसगाव सोडते, कन्नडचा घाट चढते आणि वेरूळ ओलांडून दौलताबादच्या किल्ल्याखालून जाते. घाटाच्या पायथ्याला, रस्त्यापासून थोडे आत, पाटणादेवीचे रान आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ काढला आणि त्या मठाला निकुंभ घराण्यातल्या राजांनी दान दिले. इ. स. १२०७ चा तो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. हे खानदेशातल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. चांगदेव ज्या सिंघण यादवाचे ज्योतिषी होते, त्याच राजाच्या पदरी देवगिरीला आणखी एक माणूस होता. घाटाच्या खालचा माणूस आकाश मोजत होता आणि घाटाच्या वरचा माणूस आवाज मोजू पाहत होता. त्याचे नाव शार्ङ्गदेव.

संगीत शिकणाऱ्याला हे नाव ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथामुळे माहीत असते. परीक्षेत ग्रंथाचे नाव, काळ आणि अध्यायांची संख्या विचारतात. या सदरात त्यांना आणण्याचे कारण वेगळे आहे. आवाज म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी त्यांनी मैफलीत कधीही न वाजणारे एक वाद्य मांडले. ते वाद्य म्हणजे प्रयोगाचे साहित्य होते.

शार्ङ्गदेवांचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबांचे नाव भास्कर. पाटणच्या भास्कराचार्यांशी त्यांचा संबंध नाही, नावाचा सारखेपणा तेवढा. हे आजोबा काश्मीर सोडून दक्षिणेत आले. वडील सोढल यांना आधी भिल्लम यादवाचा आणि पुढे सिंघणाचा आश्रय मिळाला. घराकडे श्रीकरण होते, म्हणजे दरबारचे लेखन आणि हिशेबाचे दप्तर. पुढे हेच खाते हेमाद्री पंडितांकडे आले. ज्यांच्या नावाने आपण जुन्या दगडी देवळांना हेमाडपंती म्हणतो, तेच हे हेमाद्री. शार्ङ्गदेवही याच दप्तरात वाढले आणि तिथले प्रमुख झाले. सिंघणाचे राज्य तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, नर्मदेपासून तुंगभद्रेच्या पलीकडे पोहोचलेले. इतक्या मोठ्या राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या माणसाला संगीतासाठी वेळ कुठून मिळाला असेल, हा प्रश्न आजच्या कुठल्याही तहसील कार्यालयातल्या माणसाला पडेल.

त्यांनी स्वतःविषयी लिहिले आहे ते मोजकेच. विद्वानांना धन दिले, जिज्ञासूंना विद्या दिली आणि आजाऱ्यांना औषध दिले, असे ते सांगतात. म्हणजे हिशेबनीस आणि गायनशास्त्री असलेला हा माणूस वैद्यकही जाणत होता. स्वतःला ते ‘निःशंक’ म्हणवून घेत आणि एका वीणेलाही त्यांनी तेच नाव दिले, निःशंकवीणा. वाद्याला स्वतःची उपाधी देणे हा थोडा अहंकारच, पण त्यांच्या बाबतीत तो शोभतो.

वैद्यकाची ही ओढ ग्रंथात पहिल्याच अध्यायात दिसते. संगीतावरचे पुस्तक उघडावे आणि आधी गर्भ कसा वाढतो, महिन्यामहिन्याने कोणता अवयव तयार होतो, हाडे किती, सांधे किती, हे वाचावे लागावे, असा प्रकार आहे. पिंडोत्पत्ती असे त्या प्रकरणाचे नाव. नुसते गाणे शिकू पाहणारा विद्यार्थी तिथे कंटाळतो. पण शार्ङ्गदेवांचा विचार सरळ आहे. गाणे आवाजातून येते आणि आवाज शरीरातून येतो, म्हणून सुरुवात शरीरापासून. बोलण्याची इच्छा मनाला हलवते, मन देहातल्या अग्नीला, अग्नी वायूला, आणि तो वायू नाभीतून वर चढत हृदय, कंठ आणि मस्तक यांतून नाद काढतो, अशी त्यांची मांडणी आहे. आजच्या शब्दांत सांगायचे तर फुफ्फुसातली हवा स्वरयंत्रातल्या स्वरपट्ट्यांना कंप देते आणि घसा, तोंड, नाक यांच्या पोकळ्या त्या कंपाला रंग देतात. हवा खालून वर येते हे त्यांनी बरोबर धरले. हृदयात नाद निर्माण होतो हे मात्र खरे नाही. खर्ज लावताना छातीवर हात ठेवला तर कंप जाणवतो, आणि त्यावरून तसे वाटणे स्वाभाविक आहे.

त्याच ठिकाणी ते एक गोष्ट सांगून जातात, जिच्यावर भौतिकशास्त्राचा कोणताही शिक्षक मान हलवेल. मंद्र, मध्य आणि तार ही तीन स्थाने, आणि प्रत्येक पुढचे स्थान मागच्याच्या दुप्पट. मधल्या षड्जाला सेकंदाला २४० कंपने असतील तर तार षड्जाला ४८० आणि मंद्र षड्जाला १२०. कंपने मोजण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते, तरी दुप्पट हा शब्द तिथे आहे.

मग येतो अडचणीचा भाग. सप्तकात ओळखता येतील असे सूक्ष्म नाद किती? परंपरेने उत्तर दिलेले होते, बावीस. त्यांना श्रुती म्हणत. बावीसच का, तर हृदयात उभ्या नाडीला लागून आडव्या बावीस नाड्या आहेत, वायू त्यांवर आपटला की चढत्या क्रमाने बावीस नाद निघतात, असे कारण शार्ङ्गदेवांनीही दिले. कंठातही तशाच, मस्तकातही तशाच. आज आपल्याला माहीत आहे की अशा बावीस नाड्या कोणत्याही शवविच्छेदनात सापडत नाहीत. आजाऱ्यांना औषध देणाऱ्या या माणसालाही हे जाणवले असावे की शरीर उघडून या नाड्या दाखवता येणार नाहीत. तिथे थांबून शास्त्रात लिहिले आहे म्हणून माना, असे ते म्हणू शकले असते. त्या काळात कोणी हरकत घेतली नसती. त्यांनी तसे केले नाही. या श्रुती स्पष्ट व्हाव्यात म्हणून आता दोन वीणांवर त्या दाखवतो, असा पवित्रा त्यांनी घेतला.

दोन वीणांची कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. हजारएक वर्षे आधीच्या भरताच्या नाट्यशास्त्रात ती आहे, पण तिथे वीणा सात तारांच्या आहेत. शार्ङ्गदेवांनी प्रत्येक वीणेला बावीस तारा लावायला सांगितल्या. त्या काळी मत्तकोकिला नावाची एकवीस तारांची वीणा होती, तेव्हा कारागिरांना हे काम अगदीच नवे नसणार. अट अशी की दोन्ही वीणा सर्व बाजूंनी सारख्या हव्यात, इतक्या की कान बंद डोळ्यांनी फरक सांगू शकणार नाही. आजचा संशोधक याला नियंत्रित प्रयोग म्हणेल. एक वीणा जशीच्या तशी ठेवायची, दुसरीत बदल करायचे आणि बदल पहिलीशी ताडून पाहायचे. न बदलणारी ती ध्रुववीणा, बदलणारी ती चलवीणा.

पहिली तार जमेल तितक्या खालच्या सुरात. दुसरी तिच्यापेक्षा किंचित चढी, इतकी किंचित की दोघींच्या मध्ये तिसरा नाद ऐकू येऊ नये. तिसरी दुसरीपेक्षा तशीच. असे करत बाविसाव्या तारेपर्यंत. आता या तारांवर सात स्वर बसवायचे. षड्ज ४ थ्या तारेवर, ऋषभ ७ व्या, गांधार ९ व्या, मध्यम १३ व्या, पंचम १७ व्या, धैवत २० व्या आणि निषाद २२ व्या तारेवर. म्हणजे षड्ज, मध्यम, पंचम यांना चार-चार श्रुती, ऋषभ आणि धैवताला तीन-तीन, गांधार आणि निषादाला दोन-दोन. बेरीज बावीस.

खरी गंमत इथून पुढे आहे, आणि वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावी अशी आहे. चलवीणेवरचा प्रत्येक स्वर एक तार खाली उतरवायचा. षड्ज ३ वर, ऋषभ ६ वर, गांधार ८ वर, असे. आता दोन्ही वीणा वाजवल्या तर एकही स्वर जुळत नाही. पुन्हा एक पायरी खाली. यावेळी चलवीणेचा गांधार ७ व्या तारेवर येतो, म्हणजे ध्रुववीणेच्या ऋषभावर, आणि निषाद २० व्या तारेवर, ध्रुववीणेच्या धैवतावर. दोन स्वर विरघळले, म्हणजे त्या दोघांना दोन-दोन श्रुती. तिसऱ्यांदा उतरवले की ऋषभ षड्जात आणि धैवत पंचमात मिळतो. चौथ्यांदा मध्यम गांधारात, पंचम मध्यमात आणि षड्ज खालच्या सप्तकातल्या निषादात. प्रत्येक उतरणीला सारणा म्हणतात, म्हणून हा चतुःसारणेचा प्रयोग. कोणता स्वर किती उतरल्यावर कोणात मिसळतो ते कान सांगतो, आणि त्यावरून अंतरे निघतात. दप्तरातला माणूस जमाखर्चाचा ताळा कसा पाहतो ते ज्याला ठाऊक आहे त्याला यात ओळखीचे काही दिसेल.

मी एकदा सुटीत हे करून पाहायचे ठरवले होते. सागवानी फळी, दोन्ही टोकांना खिळे, गिटारच्या सगळ्यात बारीक तारा, पिळायला लाकडी खुंट्या. भरताप्रमाणे सातच तारा लावायच्या होत्या. पाचवी तार चढवली की पहिली उतरायची, पहिली सारखी केली की तिसरी बिघडायची. सातव्या तारेला फळीने कमान टाकली. कारण नंतर गणितात सापडले. एकाच जाडीच्या आणि लांबीच्या तारेचा सूर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट लागतो. बावीस श्रुती समान अंतरावर धरल्या तर शेवटच्या तारेचा ताण पहिलीच्या पावणेचार पट होतो. पहिलीला २ किलो धरा, शेवटचीला साडेसात किलो. सगळ्या तारांची बेरीज नव्वद किलोच्या वर. म्हणजे एक धडधाकट माणूस फळीच्या टोकाला लोंबकळत आहे असे समजा. शार्ङ्गदेवांच्या वीणांना धातूऐवजी तात वापरली असेल तर ताण थोडा कमी पडेल, पण तात हवेतला ओलावा शोषते आणि सूर सोडते. दोन वीणा अशा रीतीने जुळवून ठेवणे हे एका माणसाचे काम नाही. हाताशी चांगला सुतार आणि तयार कानाचा वादक हवाच.

खानदेशात तर हवामानही आडवे येते. जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४५. पोलादी तार उन्हात लांबते आणि सूर उतरतो. बासरीचे याच्या उलट. हवा तापली की तिच्यातून आवाज वेगाने जातो, अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटर. १० अंशांना वेग ३३७ मीटरच्या आसपास आणि ४५ अंशांना ३५८. तेवढ्यात बासरीचा सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढायला हवा, म्हणजे दोन श्रुतींच्या आसपास. वाजवणाऱ्याच्या फुंकरीने बासरीतली हवा थोडी ऊब धरते, म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो. तरी उन्हाळ्यातल्या कार्यक्रमात बासरी आणि तंबोरा यांचे का जमत नाही, याचे हे कारण.

शार्ङ्गदेवांनी बासरीकडेही असेच मोजपट्टी घेऊन पाहिले. फुंकर घालायचे छिद्र आणि त्यापुढचे छिद्र यांतले अंतर बोटांनी मोजून त्यांनी बासऱ्यांचे प्रकार केले. एक अंगुळ अंतराची एकवीर, दोन अंगुळांची उमापती, आणि पुढे वाढत्या अंतराच्या आणखी कितीतरी. एकतंत्री वीणेसाठी खैराचा दांडा, तीन हात लांब, जाडी किती, भोक किती, भोपळा कुठे बांधायचा, हे सगळे त्यांनी लिहून ठेवले. वाद्याध्याय वाचताना आपण सुताराच्या कारखान्यात बसलो आहोत असे वाटते. एक बारकावा तर फारच मोलाचा आहे. तार जिथे घोडीवर टेकते तिथे, तारेच्या खाली, बांबूच्या सालीचा बारीक तुकडा घालायला ते सांगतात. त्याला जीवा म्हणत. आज मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर रेशमाचा किंवा सुताचा धागा सरकवून जवारी लावतो, ती याच जातीची युक्ती. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास कलकत्त्यात तंबोरा आणि वीणा यांच्या रुंद, वळणदार घोडीचा अभ्यास केला. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा कंप शून्य असायला हवा, ते उपस्वरही या वाद्यांत ठळक ऐकू येतात, असे त्यांना आढळले. पाश्चात्त्य पुस्तकातला नियम इथे मोडत होता, आणि मोडणारी होती ती साधी वाकडी घोडी.

वाद्यांची त्यांनी चार वर्गांत केलेली विभागणीही भरतापासूनची. तारांची तत, फुंकायची सुषिर, कातड्याने मढवलेली अवनद्ध आणि ठोकायची घन. यातली मेख अशी की वाद्य कोण वाजवतो किंवा कशासाठी वाजवतो, याला महत्त्व नाही. कंप पावते ती वस्तू कोणती, एवढेच पाहायचे. तार, हवा, कातडे की खुद्द वाद्याचे अंग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रुसेल्सच्या संग्रहालयातले मायों यांनी वाद्यांची यादी करताना याच धर्तीचे चार वर्ग केले आणि १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघांनी त्याला जे रूप दिले ते आज जगभर चालते. साक्री-नवापूरकडे डांगाच्या सीमेला लागून सुक्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या बसवून केलेली पावरी वाजते. ती घरच्या घरी होते, कोणत्या ग्रंथाला विचारून नाही, आणि या चार कप्प्यांतल्या सुषिरात बिनतक्रार बसते.

वैद्य शार्ङ्गदेव गळ्याच्या बाबतीतही बोलतात, आणि हा भाग मला सर्वांत आवडतो. कफ, पित्त, वात यांच्यावरून त्यांनी आवाजाचे प्रकार सांगितले. कफाचा खाहुल, पित्ताचा नाराट, वाताचा बोंबक आणि मिसळ झाली की मिश्रक. बोंबक हा एरंडाच्या दांड्यासारखा पोकळ आणि जाडाभरडा. नाव वाचताच मराठी माणसाला अर्थ सांगावा लागत नाही. आज कोणी घशाचा डॉक्टर वातावरून निदान करणार नाही, पण ऐकून आवाजाची जात ओळखणे, हे तो रोजच करतो. मग गायकाचे पंचवीस दोष येतात. दात आवळून गाणारा, भीत भीत गाणारा, उंटासारखी मान पुढे काढणारा, भोपळ्यासारखे गाल फुगवणारा. गाताना ज्याच्या मानेच्या आणि चेहऱ्याच्या शिरा टरारून फुगतात तो झोंबक. आवाज बसलेल्या शिक्षकांना, कीर्तनकारांना आणि भाजीबाजारात ओरडणाऱ्यांना वाचा-उपचारतज्ज्ञ आज पहिली गोष्ट हीच पाहायला सांगतात की मानेचे स्नायू ताणले जात आहेत का. ताण मानेत असेल तर स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटतात, सुजतात आणि पुढे त्यांवर गाठी येतात.

एवढे सगळे असूनही शार्ङ्गदेवांच्या प्रयोगात एक मोठी उणीव राहिली, आणि तिचे परिणाम सातशे वर्षे भोगावे लागले. त्यांनी तारा ताणाने जुळवल्या. किती ताण, तारेची लांबी किती, एका श्रुतीचे दुसरीशी प्रमाण काय, याचा एकही आकडा त्यांनी लिहिला नाही. मोजमाप कानाचे, आणि कान नोंद ठेवत नाही. मध्ये तिसरा नाद ऐकू येऊ नये, ही त्यांची अट शब्दशः घेतली तर टिकतही नाही. २४० कंपनांच्या षड्जापासून बाविसावा भाग म्हणजे सात-आठ कंपनांचे अंतर. सरावलेला कान त्या भागात एक-दोन कंपनांचा फरक सहज धरतो. शिवाय जवळजवळ सारख्या दोन तारा एकदम वाजल्या की आवाज लाटेसारखा वरखाली होतो. दोन कंपनांचा फरक असेल तर सेकंदाला दोन लाटा. तंबोरा जुळवताना गवई याच लाटा ऐकत असतो आणि त्या थांबल्या की खुंटी सोडतो. म्हणजे दोन श्रुतींच्या मध्ये आणखी तीन-चार नाद मावतात. शार्ङ्गदेवांना बहुधा गाण्यात वेगळा म्हणून वापरता येईल असा नाद म्हणायचा असावा. पण तसे त्यांनी लिहिले नाही.

हळहळ वाटते ती इथे. प्रमाण मांडण्याची विद्या त्याच राज्यात, घाटाच्या खाली मठात शिकवली जात होती. लीलावतीतले त्रैराशिक तिथल्या मुलांच्या ओठांवर असणार. शार्ङ्गदेव स्वतः हिशेबाच्या दप्तरात बसत होते. तारेची लांबी निम्मी केली की सूर दुप्पट होतो, दोन तृतीयांश केली की पंचम मिळतो, एवढे अपूर्णांक त्यांच्या हाताशी होते. गणित पाटणला राहिले, वीणा देवगिरीला. तारेची लांबी मोजून स्वर लिहिण्याची पद्धत आपल्याकडे आली ती सतराव्या शतकात, अहोबलांच्या ‘संगीत पारिजात’ ग्रंथात. फ्रान्समध्ये मेर्सेन यांनी लांबी, ताण आणि वजन यांचे नियम १६३६ मध्ये छापले.

आकडा नसल्यामुळे बावीस श्रुतींच्या पाठांतराची परंपरा चालली आणि वीणा पुन्हा क्वचितच जुळल्या. श्रुती समान की असमान हा वाद विसाव्या शतकात पेटला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर तारेच्या लांबीवर मोजण्याचे काम त्यांनी केले. सरकारी दप्तरातून आलेला हा दुसरा माणूस, आणि त्याने पहिल्याने सोडलेले आकडे लिहिले. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत यावर बरीच खडाजंगी झाली. पंडित भातखंडे यांना देवलांचे गणित जुन्या ग्रंथांवर लादलेले वाटत होते. दोन्ही बाजू शार्ङ्गदेवांचाच आधार घेत होत्या, हे विशेष.

ज्यांना हा वाद सोडून नुसता आवाज समजून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी तारांपेक्षा नळ्या सोप्या. केळीच्या शेतातली ठिबकची जुनी नळी चालते, पण ती वाकते. वायरिंगची कडक नळी बरी. एक टोक बोटाने किंवा मेणाने बंद करायचे आणि दुसऱ्या टोकावरून, बाटलीच्या तोंडावर फुंकतो तशी आडवी फुंकर. ३६ सेंटिमीटरची नळी सुमारे २४० कंपने देते. हा षड्ज धरा. मग २७ सेंटिमीटरला मध्यम, २४ ला पंचम, १८ ला तार षड्ज. ऋषभासाठी ३२, निषादासाठी १९.२. नळीचे तोंड रुंद असेल तर आवाज किंचित उतरतो, म्हणून थोडी लांब कापून कानसेने घासत यावे. घासताना एका मिलिमीटरने सूर किती सरकतो ते कळते, आणि ते एकदा कळले की पुस्तकातले सूत्र पाठ करावे लागत नाही. कडा मात्र पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, मुलांचे ओठ कापतात.

या सगळ्या खटाटोपात मोजयंत्र एकच, कान. माणसाच्या प्रत्येक कानाच्या शंखात जन्मतः सुमारे १५,००० केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, ही अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. वरातीत किंवा मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे उभा राहणारा पोरगा ती पंधरा मिनिटे पहिल्या दोन गाण्यांतच संपवतो. रात्री कानात शिट्टी वाजत राहिली तर समजावे की काही पेशी गेल्या. सूक्ष्म फरक ओळखण्याची ताकद आधी जाते, ऐकू न येणे नंतर.

शार्ङ्गदेवांचा शेवट कधी आणि कुठे झाला ते ग्रंथ सांगत नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि काही वर्षांतच यादवांचे राज्य संपले. पोथी मात्र तोवर बाहेर पडलेली होती. चौदाव्या शतकात सिंहभूपालांनी आणि पंधराव्या शतकात विजयनगरच्या कल्लिनाथांनी तिच्यावर टीका लिहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आनंदाश्रमाने ती छापली, आणि ग. ह. तारळेकर यांच्यामुळे ती मराठीतही आली.

त्या प्रयोगात चार सारणा झाल्या की बावीसचा हिशेब पुरा होतो. चलवीणा आणखी खाली उतरवता येईल का, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारणारच. शार्ङ्गदेवांनी त्याचेही उत्तर देऊन ठेवले आहे. तारा याहून उतरवू नका, त्यातले रंजन मरते.